सबनीस मास्तर आणि नकाशात नसलेली वाडी

म्हशाच्या जत्रेत, बैलांच्या बाजारात उभा होतो. मेव्हण्याला बैलजोडी घ्यायची होती आणि मला त्यातलं काही कळत नसताना त्याने सोबतीला ओढून आणलं होतं. धुरळा, घुंगरांचा आवाज, घोंगड्यांच्या दुकानांपुढची झुंबड... त्यातून वाट काढत कमळू माझ्यापाशी आला. कमळू रेल्वेत गँगमन, रूळ सांभाळणाऱ्या टोळीतला. शहापूर तालुक्यातल्या आमच्या स्टेशनवर त्याची-माझी पंधरा वर्षांची ओळख. त्याने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. "गुरुजी, मास्तर गेले," तो म्हणाला. "परवा दुपारी जेवून पडले ते उठलेच नाय. आमी चौघांनी नेला त्यांना. वाडीत कोन होता? सगली इटांच्या भट्टीवर गेलीत." मेव्हण्याने विचारलं, कोण मास्तर? रेल्वेतले एक रिटायर असिस्टंट स्टेशनमास्तर, एवढंच म्हणालो. मग बैल न घेताच आम्ही परतलो. घासाघीस करायचं त्यालाही सुचलं नसावं.

यशवंतराव सबनीस आमच्या स्टेशनवर आले ते स्वातंत्र्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी. मी तेव्हा किन्हवलीच्या शाळेत नवखा शिक्षक होतो आणि महिन्यातून एकदा आईला भेटायला कल्याणला जात असे. स्टेशनचं नाव लिहीत नाही. त्या वाटेने जाणाऱ्याला ते कळेलच, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांतले बरेच अजून तिथंच आहेत. घाटाकडे पहिली लाइन टाकली त्या काळातली ती काळ्या दगडाची इमारत. कमानीची दारं, सागाच्या तुळया, उंच छप्पर. एके काळी आमच्या बाजूचं गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी इथून मालगाडीच्या वाघिणी भरभरून जायचं. पुढे आग्रा रोडने ट्रक धावू लागले, गवत ट्रकने जाऊ लागलं आणि स्टेशनला अवकळा आली. छपरात पिंपळ उगवला, बायकांच्या वेटिंग रूममध्ये चुन्याची पोती रचली गेली, विहीर गाळाने भरली. दिवसात दोनच गाड्या थांबत. त्याही बंद करून स्टेशन मोडीत काढायचं वर घाटतंय, असं जो तो बोलत होता. तसं झालं असतं तर आमच्याकडच्या बाळंतिणीला, विषार चढलेल्याला कल्याणच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडीशिवाय काही उरलं नसतं. बोलत सगळे होते. हलत कुणी नव्हतं.

मास्तर हलले. सुरुवात त्यांनी विहिरीपासून केली. मालधक्क्यामागे कातकऱ्यांची वाडी होती, कुडाच्या पंचवीस-तीस झोपड्यांची. ती माणसं गवत कापायला आणि वाघिणींत भरायला म्हणून तिथं आणली गेली होती आणि गवत गेल्यावरही तिथंच राहिली होती. मास्तर ड्यूटी संपल्यावर त्या वाडीत गेले आणि विहीर उपसायला हात द्याल का म्हणून विचारलं. सोमी नावाची एक बाई होती, तिशीची असेल, कडेवर मूल. तिने विचारलं, "पानी आमालाबी भेटंल ना?" मास्तर म्हणाले, "तुम्ही उपसाल ती विहीर तुमची नाही तर कुणाची?" आठ दिवस ती माणसं गाळात उतरत होती. पाणी लागलं त्या दिवशी मी योगायोगाने स्टेशनवर होतो. मास्तरांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली आणि चेहरा असा, की जणू मुंबईची बढती मिळाली आहे.

मग एकेक करत सगळंच. छपरावरचा पिंपळ काढला, कौलं शाकारली. वेटिंग रूम धुऊन उघडली. आसपासच्या गावांनी श्रमदान करून हायवेपर्यंतचा रस्ता नीट केला, त्यातही खडी फोडायला वाडीच पुढे. गवताच्या पडक्या वखारींच्या आवारात बुधवारचा बाजार भरू लागला. धसईकडून तांदूळ यायचा, काकड्या-पडवळ यायचे. पहिल्या बाजाराला सात गाड्या आल्या होत्या आणि मास्तर प्रत्येक गाडीवानाला चहा पाजत फिरत होते.

माझं काम अर्ज लिहिण्याचं. अक्षर बरं होतं माझं, आणि मास्तर रेल्वेचे नोकर, त्यांना स्वतःच्या नावाने काही मागता येत नव्हतं. म्हणून अर्ज गावकऱ्यांचा, मजकूर मास्तरांचा, अक्षर माझं. "विनंती एकदाच लिहा, गुरुजी," ते मला बजावत. "दोनदा लिहिली की वरचे साहेब पुढचं वाचत नाहीत." आम्ही जास्त गाड्या मागितल्या, मोठा मालधक्का मागितला, बाजाराला जागा मागितली. एका अर्जात जागेविषयी लिहायचं होतं. मास्तर म्हणाले, "लिहा... स्टेशनलगतची रेल्वेची जमीन पडीक व रिकामी असून तिचा उपयोग व्हावा." मी लिहिलं. खिडकीतून समोर वाडीतला धूर दिसत होता. तो त्यांनाही दिसत होता आणि मलाही. आम्हाला म्हणायचं होतं ते वखारीपलीकडच्या माळाविषयी, असं आम्ही नंतर एकमेकांना कितीदा तरी सांगितलं. पण कागदावर तसं नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी मंजुरी आली. मोठे साहेब खास डब्यातून येऊन पाहून गेले, इमारतीची दगडी कमान त्यांना फार आवडली. गाड्या दोनाच्या सहा झाल्या. शाळेच्या मुलांना घेऊन मी झेंडूची तोरणं बांधायला गेलो होतो. कुणीतरी मास्तरांना खांद्यावर घेतलं. त्यांची टोपी पडली ती सोमीने उचलून, पदराने पुसून दिली. पंधरवड्याने दुसरा कागद आला. मालधक्का वाढवायचा आणि बाजाराचा रस्ता रुंद करायचा, तरी रेल्वेच्या जमिनीवरील झोपड्या हटवाव्यात. सोबत नकाशा. नकाशात विहीर होती, वखारी होत्या, एक आंब्याचं झाडसुद्धा होतं. वाडी नव्हती.

तो कागद वाडीला वाचून दाखवायचं काम मास्तरांवर आलं. मी सोबत गेलो. त्यांनी एकेक वाक्य मराठी करून सांगितलं आणि चष्मा काढला. मग सोमी म्हणाली, "मास्तर, हीर कोनी उपसली?"

"तुम्ही."

"रस्त्याची खडी कोनी फोडली?"

"तुम्हीच."

"मंग आमी कुठं जायाचा?"

तिने आवाज चढवला नव्हता, शिवी दिली नव्हती. दिली असती तर बरं झालं असतं, असं ते पुढे मला म्हणाले.

ते मुंबईच्या ऑफिसात तीनदा गेले. तिसऱ्या वेळी मीही रजा काढून गेलो. तिथल्या साहेबाने फाइल उघडली, शांतपणे आमचाच अर्ज आमच्यासमोर ठेवला आणि 'पडीक व रिकामी' या शब्दांवर पेन्सिल टेकवली. "हे तुमच्याच गावकऱ्यांनी लिहिलंय ना?" माझं अक्षर मला कधी इतकं वळणदार वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर जिन्यात मास्तर म्हणाले, "मजकूर माझा होता, गुरुजी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी लावून घेतलंच. पण त्यांनी घेतलं त्याच्या निम्मंही नाही.

पदरात पडलं ते एवढंच : भातकापणी होईपर्यंतची सवलत आणि रुळांच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, थोडी खडकाळ जागा. एका सकाळी वाडीने स्वतःच स्वतःची घरं उतरवली. कुड, वासे, गवताचे भारे डोक्यावर घेऊन माणसं रूळ ओलांडत होती. मास्तर रेल्वेच्या कोटात, खांद्यावर वासा घेऊन, त्यांच्यात. वरून त्याबद्दल विचारणा झाली म्हणतात. मी कधी विचारलं नाही.

पलीकडे पाणी नव्हतं. बायका हंडे घेऊन रूळ ओलांडून जुन्या विहिरीवर यायच्या. बाजारातल्या काही जणांना ते खटकलं, तेव्हा मास्तर विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "ज्याला नको असेल त्याने आपली विहीर आपण खणावी." पुन्हा कुणी बोललं नाही. सकाळ-संध्याकाळ बायकांची रांग निघाली की हातात लाल बावटा घेऊन ते रुळाशी उभे राहायचे. ड्यूटी असो नसो. बढतीची बदली त्यांनी दोनदा नाकारली. पत्नी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. नोकरी संपली तेव्हा पुण्याच्या पुतण्याने फार आग्रह केला, पण त्यांनी पलीकडे वाडीला लागून दोन खोल्या बांधल्या आणि तिथंच राहिले.

मी तोवर मुरबाडला बदलून गेलो होतो. सुट्टीत जायचो. स्टेशनला आता ऊर्जितावस्था आली होती. हॉटेलं झाली, भात भरडायची गिरणी आली, मुंबईला रोज जाणारी पोरं पासवाली झाली, दगडी कमानीला रंग लागला. मी एकदा म्हटलं, "मास्तर, तुम्ही नसतात तर हे स्टेशन बंद झालं असतं." ते अंगणात बसून काठीने माती उकरत होते. "झालं असतं," ते म्हणाले. "तेही खरंच आहे..." मग काठी बाजूला ठेवून, "मला आता दमल्यासारखं होतं, गुरुजी. झोप घेतली तरी जात नाही." मी डॉक्टरचं नाव काढलं. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

जत्रेहून आल्यावर मी रुळांपलीकडे मास्तरांच्या खोल्यांवर गेलो. पुण्याचा पुतण्या आला होता, भला माणूस. आतली खोली दाखवत तो गोंधळून म्हणाला, "काकांनी हे काय साठवलंय?" खोली आढ्यापर्यंत भरलेली. गोधड्यांची गाठोडी, हंडे, पाटे-वरवंटे, मासे धरायची जाळी, दोन ढोल. मला माहीत होतं. दिवाळीनंतर वाडी वीटभट्ट्यांवर जाते, झोपड्या उघड्याच पडतात. तेव्हा जाताना प्रत्येक घर आपला संसार मास्तरांच्या खोलीत ठेवून जायचं. कुठलं गाठोडं कुणाचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ते फक्त मास्तरांना पाठ. पुतण्याला खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मी म्हटलं, शिमग्यापर्यंत थांबा. सणाला ती येतील. तो म्हणाला, "मग तुम्हीच बघा." दाराला कुलूप नव्हतंच.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी दारात जाऊन बसलो. दुपारी सोमी पुढे आणि मागे बाकीचे, विटांच्या धुळीने लाल झालेले. भट्टीवर त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. "मास्तर कुठं हायेत?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. तिचेही केस आता पिकलेत. रडली नाही. पदराने तोंडावरची धूळ पुसत म्हणाली, "जेवले होते ना?" मी म्हटलं, हो, जेवून झोपले होते. तिने मान डोलावली.

कुणाचं काय ते आता कसं ठरवायचं, याची मला धास्ती होती. तसं काही झालं नाही. एकेक माणूस आत जायचा, आपलं गाठोडं काढून बाहेर यायचा. शेवटी कोपऱ्यात एक वळकटी आणि रेल्वेचा जुना कोट उरला. सोमीने तो झटकून पुन्हा खुंटीला अडकवला. म्हणाली, "ह्यो ऱ्हाऊ दे."

होळी झाली, ढोल वाजले. पाचव्या दिवशी वाडीला भट्टीवर परतायचं होतं. ती माणसं निघण्याआधी मी एकदा डोकावायला म्हणून गेलो, तर सकाळपासून माणसं येत होती, आणि कुणाला काही न विचारता, न सांगता, आपापली गाठोडी पुन्हा आणून रचत होती. दुपारपर्यंत खोली भरली. सोमीने सर्वांत शेवटी आपला हंडा पालथा घातला, दार ओढून घेतलं आणि डोक्यावर ओझं घेऊन गाडी धरायला निघाली. मी पुण्याला पुतण्याला पत्र टाकलं आहे, खोली रिकामी नाही म्हणून.