साडेबारा किलो फोडी

रिठदचे जगदेवराव हिशोबाला पक्के, असं सारं गाव म्हणायचं. त्याच गुर्मीत त्यांनी सख्खी बहीण तोडली.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी शंभर किलो कैरीच्या फोडी वाळवायला मेडशीला या बहिणीकडे, पंचफुलाकडे, पाठवल्या होत्या. तिने साडेबारा किलो आणून दिल्या. ओल्या फोडींत नव्वद टक्के पाणी, वाळल्यावर वीस टक्के उरतं. म्हणजे सत्तर गेलं, तीस किलो भरायला हवं, असं त्यांनी चारचौघांत मांडलं.

"बाकीच्या कुठी गेल्या?"

"उन्हानं नेल्या, दादा," एवढंच ती बोलली. पुढच्या भाऊबीजेला ती आली नाही, आणि यांनी कधी बोलावलंही नाही. गेल्या उन्हाळ्यात ती वारली.

आज नात सुप्रिया ओट्यावर गणित सोडवत बसली होती. तिने मोठ्याने वाचलं, तर शंभर किलो फळ वाळवण्याचंच गणित, आणि टक्केही तेच.

"तीस किलो!" लसूण सोलता सोलता जगदेवराव ओरडले.

"नाई आबा. पाणी उडून जाते, गर कुठी जाते? शंभर किलोत गर दहा किलो. वाळलेल्या मालात पाणी वीस टक्के, म्हंजे तोच दहा किलो गर ऐंशी टक्के झाला. साडेबारा येते."

जगदेवरावांनी चष्मा पुसला, तिची वही ओढून घेतली आणि दोनदा पडताळून पाहिलं.

"घाईत चुकलं असन तुमचं," सुप्रिया म्हणाली.

"घाईत नाई, बाई," ते म्हणाले. "नऊ वर्सं चुकून राह्यलो."