आबांनी जगवलेली सीतेची वेणी

"तुम्ही मारलंत तिला."
लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि हे मी माझ्या सासऱ्यांना तोंडावर म्हटलं.

ती म्हणजे सीतेची वेणी. आता सगळे ऑर्किड म्हणतात. आमच्या सावंतवाडीकडे ती आंब्याच्या झाडांवर आपली आपण वाढते. मे-जूनमध्ये गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब घोस लोंबतो.

लग्नात आईने फांदीच्या तुकड्यासकट ती माझ्यासोबत दिली. जळगावला पिंप्राळ्यातल्या सासरी सगळ्यांना वाटलं, नव्या नवरीने सुकं लाकूड कशाला आणलंय.
मी ती न्हाणीजवळच्या खिडकीत टांगली. जेमतेम तग धरून होती.

आणि दोन वर्षांनी, मे महिन्यात माझी आई गेली.
मी कोकणात गेले ती तीन आठवडे तिकडेच.

इकडे घरी आबा, म्हणजे माझे सासरे. एदलाबादकडचे, आताच्या मुक्ताईनगरचे. उभा जन्म केळी पिकवण्यात गेला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले होते, पण जीव मळ्यातच.

सुनेची आई गेली, निदान तिचं झाड तरी जगलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. मुळं उघड्यावर लोंबतायत म्हणजे झाड उपाशी आहे, हा त्यांचा हिशोब.
मग ते एसटीने गावी गेले. मळ्यातली काळी माती पोत्यात भरून आणली. वेणी लाकडावरून सोडवली, शेणखत घातलं, मोठ्या कुंडीत लावली. सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी.
जे केळीला, ते तिला.

मी परत आले तेव्हा पानं पिवळी पडली होती. माती उकरली तर मुळांचा लगदा आणि कुजका वास.
आम्हा कोकणातल्यांच्या जिभेला हाड नाही. बोलून गेले.

आबांनी टोपी घातली आणि ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी पाहते तर कुंडी रिकामी. मला वाटलं, फेकलं.
ते वेणीला ओल्या पंचात गुंडाळून, पिशवीत घालून, एसटीने धुळ्याला गेले होते. तिथे शेतीशाळेतले एक मास्तर त्यांच्या ओळखीचे. त्या उन्हात. कोणाला न सांगता.

संध्याकाळी परतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्यं चुकलं पोरी. केयीले लागते तेच मी तिले देल्लं."

मी "असू दे" म्हणायला हवं होतं.
मी ब्लेड आणून दिलं.

कुजलेली सगळी मुळं त्यांनी कापली. उरली दोन. कापलेल्या जागी हळद लावली. बांधावरच्या आंब्याचं लाकूड आणलं, नारळाची शेंडी गुंडाळली, वेणी सुतळीने त्यावर बांधली. कुंडीत माती नाहीच. नुसते विटांचे तुकडे आणि कोळसा, मध्ये ते लाकूड उभं.

मास्तरांनी सांगितलं होतं, हिला दमट हवा लागते.
जळगावच्या उन्हाळ्यात दमट हवा फक्त कूलरपाशी. घरात कूलर एकच, आबांच्या खोलीत. तिथली खाट त्यांनी उचलून बाहेरच्या ओट्यावर नेली आणि कूलरशेजारी कुंडी ठेवली. मी नको म्हणाले तर म्हणे, मला उन्हाची सवय आहे.

आणि एक गोष्ट.
पाणी घालायच्या आधी ते मला विचारायचे.
"पानी टाकू का पोरी?"
पन्नास वर्षं केळी पिकवलेला माणूस. तांब्या हातात धरून दारात उभा. मी मान हलवेपर्यंत थेंब टाकायचा नाही.
आणि मी नुसती मान हलवायचे.

वर्षभर काहीच नाही. मग एक मूळ फुटलं, हिरव्या टोकाचं. मग एक पान.
तिसऱ्या उन्हाळ्यात घोस आला. वीतभरच, पण आईच्या अंगणातल्यासारखाच.

आबा कुंडीपुढे बराच वेळ उभे होते. मी आत दूध तापवत होते. तिथूनच त्यांनी विचारलं,
"जित्ती हाये ना आता?"
मी म्हटलं, "हो." आणि गॅस बंद करायला वळले. दूध उतू जात होतं.

त्यांनी झाडाबद्दल विचारलंच नव्हतं.
झाड तर त्यांच्या डोळ्यांसमोर फुललेलं होतं. ते माझ्या त्या 'मारलंत'बद्दल विचारत होते. हे मला तेव्हा कळलं नाही.

त्याच पावसाळ्यात ते गावी गेले आणि मळ्यातच कोसळले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मोठे दीर म्हणाले, बाग नीट सांभाळू. माझा नवरा म्हणाला, भावाभावांत वाटण्या करणार नाही. तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.
घरी आल्यावर नवरा ओट्यावर बसून रडत म्हणाला, "काय राहिलं असेल गं त्यांचं?"

मला माहीत होतं.
मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही ही पोस्ट वाचूनच कळेल.

फोटोत दिसतेय ती तीच वेणी. लाकूड तीनदा बदललं, वेणी तीच. यंदा चार घोस आले.

आबा, आज तुमच्या तिथीचा दिवस.
हो, जिवंत आहे.
आणि तुम्ही मारलं नव्हतं तिला. माझी आई गेली होती आणि कोणावर तरी चिडायचं होतं. तुम्ही समोर होतात.

श्रद्धांजली मला लिहिता येत नाही. वाकून नमस्कार करते.
तुमच्या हातचं पाणी तिला अजून हवं होतं. मलाही.