वीतभर बांध

प्रभू येशूला मानल्यावर आमच्या ह्यांनी पहिल्या वर्षी दारू सोडली, दुसऱ्या वर्षी शिव्या. दर रविवारी निडीहून रोह्याला प्रार्थनेला जायचे. मला वाटलं, माणूस सुधारला. पण बांध कोरायचं काही सुटेना.

धाकटा दीर दिनानाथ, त्याचं भातशेत आमच्या शेताला लागून. वाटणी झाल्यापासून दर मे महिन्यात हे बांध नीट करायला जायचे आणि त्याच्या बाजूने वीतभर सरकवून यायचे. मग घरी येऊन गुडघे टेकून रडायचे.

"नाय कोरायचा असं ठरवून जातो गो. पण कुदळ धरली की हात माझा राहत नाय."

"मग हात घरी ठेवून जा," मी म्हणायची. सहा वर्षं तेच ऐकून कान किटले होते.

यंदा ते कुदळ घेऊन थेट दिनानाथच्या अंगणात गेले. कुदळ त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "दरसाल तुझा बांध मी कोरतो. माझ्याच्यानं सुटत नाय. आता तूच घाल."

दिनानाथने कुदळ ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने बांध घातला, तो आमच्या शेतात चांगला दोन हात आत.

माझा जीव जळला. हे मात्र हात पाठीमागे घट्ट धरून उभे.

"अहो, बोला की काहीतरी!"

"काय बोलू? तीन हात खाल्लेत मी. अजून हातभर त्याचाच हाय गो."