सातव्या मामांचा प्रश्न

माझा भाचा चेतन कात्रपच्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात पीएचडीसाठी सळई तापवतो, तीही कागदावर. एक टोक तापवलं की उष्णता पुढे कशी सरकते, त्याचं समीकरण म्हणे. मी त्याची आत्या; त्याचे वडील, म्हणजे माझे भाऊ शिवराम, अंबरनाथला कारखान्यात भट्टीवर असतात. त्यांचं म्हणणं, हात लावून बघ. पण चेतनला उत्तर बेरजेतूनच हवं, आणि त्या बेरजेतलं प्रत्येक पद आधीच्यापेक्षा मोठं, सगळी बेरीज अनंताकडे पळणारी. यावरही त्याच्याकडे तोड आहे. जितक्या क्रमांकाचं पद, एकपासून तिथपर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकाराने भागून ते आधी बारीक करायचं, मग बेरीज करायची, आणि काढून घेतलेला आकार शेवटी त्या बेरजेला परत द्यायचा. मग खरं उत्तर हाती लागतं.

हे त्याने स्वतःच्या सोयरिकीत वापरावं, ही बुद्धी त्याला कुठून झाली कोण जाणे.

उल्हासनगरची माया त्याला मनापासून आवडली होती. तिच्या घरी बोलणी करायला गेलो, तर समोर सात मामा. त्यांच्याकडे धाकट्याने आधी विचारायचं, थोरल्याने शेवटी. शेवटचा शब्द मानाचा. पहिल्याने शिक्षण विचारलं, दुसऱ्याने नोकरी, तिसऱ्याने फ्लॅट, चौथ्याने फ्लॅटचे हप्ते. पाचव्याला चेतनच्या म्हातारपणच्या गुडघ्यांची काळजी लागली. सहाव्याने नळाला पाणी देणारं बारवी धरण आटलं तर काय करणार, ते विचारलं. एखाद्याला घाम फुटला असता. याचे डोळे चमकले. प्रत्येक प्रश्न क्रमाप्रमाणे भागून घेऊ, म्हणाला, नाहीतर आपली बेरीज व्हायची नाही.

म्हणजे सगळ्यांत जास्त भागले जाणार दिनानाथमामा, सगळ्यांत थोरले. मानपानाचा पार विचका झाला. मामा उठून चपला घालू लागले. चेतनचा कान पिळावासा वाटला मला. माया त्याच्या हातची जात होती आणि हा बोटांवर गुणाकार करत बसला होता.

दारात थांबून मामांनी आपला प्रश्न टाकलाच. "जन्मभर सुखात ठेवशील हिला?"

"हा सातवा, म्हणजे पाच हजार चाळीसने भागायचा," चेतन म्हणाला. मग त्याने मायाकडे पाहिलं. "जन्माचे जेमतेम चार दिवस उरतात. तेवढे नक्की ठेवीन."

"आणि पुढे?"

"चार दिवसांनी परत विचारा, मामा," माया म्हणाली.

मामांनी वळून आत बसलेल्या आपल्या मामींकडे पाहिलं. त्यांच्या संसाराला चाळीसेक वर्षं झाली होती.

"सलग चार दिवस देतोय पोरगा," मामी म्हणाल्या. "अजून काय पायजे?"

 चपला काढून मामा मुकाट्याने आत येऊन बसले.