घर जर्मनीत, गिऱ्हाईक कुरुळीत

ताथवड्याच्या आमच्या सोसायटीत कुणाचा नवरा कंपनीकडून परदेशी निघाला, की त्याची बायको आठवड्याभरात माझ्याकडे चहाला येते. आधी गरम कपड्यांचं विचारते, मग मसाल्यांचं. कप खाली ठेवता ठेवता खरा प्रश्न निघतो. "ताई, तिकडे बसून ऑनलाइन काही कमावता येतं का हो? कोर्स कुठला करू?"

कोर्सचं मला काही सांगता येत नाही. मी आपली एखादा किस्सा सांगते. एक सांगितला की दुसरा आठवतो आणि चहा पुन्हा टाकावा लागतो. घडत होतं तेव्हा यात सांगण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलंही नव्हतं.

चाकणच्या एका कंपनीनं जर्मनीत छोटा कारखाना घेतला आणि इथली काही माणसं तिकडे पाठवली. त्यात आमचे हे होते, रेश्माचा नवरा संतोष होता आणि सुनंदाताईंचे यजमान होते. तिकडे तिन्ही घरं एकाच इमारतीत. मी इथे क्लासमध्ये गणित शिकवायचे. रेश्मा मूळची लातूरकडची, चिंचवडला घरातच ब्लाउज शिवायची. सुनंदाताई चाकणजवळच्या कुरुळीच्या शेतकरी घरातल्या, आम्हा दोघींपेक्षा मोठ्या. विमानात बसलो तेव्हा तिघीही कामाच्या बायका होतो. उतरलो तेव्हा तिघींच्या कागदांवर एकच लिहिलेलं होतं, अमक्याची पत्नी.

*

पहिल्या महिन्यातली गोष्ट. रेश्माला शिलाईचा धागा हवा होता. आम्ही दोघी बाजारात गेलो. कार्ड संतोषचं. तिनं तीन रंगांची रिळं निवडली, कार्ड लावलं, आणि दुकानाच्या दारातून बाहेर पडतोय तोवर संतोषचा फोन. त्याला मेसेज गेला होता.

तो काही रागावला नव्हता. साधंच विचारत होता, "अगं, धागा एवढा महाग असतो का?"

रेश्मा "हो" म्हणाली. फोन ठेवला. मग परत आत गेली, दोन रिळं काउंटरवर ठेवली आणि खुणेनं सांगितलं, ही परत घ्या. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. आमचा स्टॉप जवळ आल्यावर म्हणाली, "ह्यांचं काही चुकलं नाही. पण वैशालीताई, चिंचवडला मी धागा आणायची तेव्हा कुणाचा फोन येत नव्हता."

*

तिनं मोबाईलवर शिवणाचा क्लास सुरू केला. परदेशात राहणाऱ्या आपल्या बायकांना साड्या असतात, पण ब्लाउज शिवायला शिंपी नसतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. हळूहळू बायका जमल्या. कुणी कॅनडातली, कुणी दुबईतली, एक तर पार न्यूझीलंडची.

तिकडे असं काही करायचं तर आधी सरकारी ऑफिसात नोंद करावी लागते. मला थोडं जर्मन येत होतं म्हणून मी सोबत गेले. समोरची बाई शांत आणि काटेकोर. तिनं विचारलं, "कपडे विकता का?"

"नाही. शिकवते."

"मग शाळा कुठे आहे?"

रेश्मानं पर्समधून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. बाईनं मोबाईलकडे पाहिलं, रेश्माकडे पाहिलं. शाळेला पत्ता लागतो म्हणाली. आम्ही घरचा दिला. शाळेचा प्रमुख कोण? रेश्माच.

काही दिवसांनी पोस्टानं पाकीट आलं. संतोष शिफ्ट संपवून आला होता, त्यानं ते उचललं आणि बराच वेळ दारातच उभा राहिला. वर जर्मनमध्ये लिहिलं होतं, 'संचालिका, शिवण प्रशाला'.

"हे आपल्याकडे कुणाचं आलंय?" त्यानं विचारलं.

रेश्मा कणीक मळत होती. म्हणाली, "माझंच हाय. चपला बाहेर काढा, शाळा हाय ही."

*

क्लासमधला एक धडा तिनं मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं रेकॉर्ड केला. हुक कुठल्या बाजूला आणि काज कुठल्या, एवढाच धडा. तो कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो आणि व्हिडिओही तसाच उतरतो, हे तिला ठाऊक नव्हतं. बायकांनी व्हिडिओत दिसलं तसं मन लावून शिवलं आणि ग्रुपवर फोटो टाकले. झाडून सगळ्यांचे ब्लाउज उलट्या बाजूनं बंद होणारे.

रेश्मा माझ्याकडे रडवेली होऊन आली. "सगळ्या फी परत मागतील. मी काय सांगू?"

मी म्हटलं, खरं ते सांग.

तिनं सांगितलं, माफी मागितली, सुधारलेला धडा टाकला. न्यूझीलंडची बाई वयानं बरीच मोठी होती. तिचं उत्तर आलं, "बाई, मी डावखुरी. आयुष्यात पहिल्यांदा ब्लाउज सरळ लावता आला. मला हाच धडा राहू द्या."

आता रेश्माच्या क्लासमध्ये डावखुऱ्या बायकांची वेगळी बॅच असते.

*

माझं काम गणिताचं. कुरुळीजवळच्या निघोज्यातली आर्या नावाची दहावीची मुलगी माझ्याकडे व्हिडिओवर शिकायची. तिची संध्याकाळ म्हणजे माझी दुपार. आईवडील दोघंही कंपनीत, म्हणून आर्याच्या शेजारी तिची आजी बसलेली असायची. सुरुवातीला मला वाटलं, नातीवर लक्ष ठेवायला बसते. मग दिसलं, आजी माझ्याकडेच बघते. मी फळ्यावर काही लिहिलं की मान डोलवते.

एकदा आर्या शाळेच्या सहलीला गेली आणि मला कळवायचं राहिलं. वेळेवर फोन जोडला तर स्क्रीनवर एकटी आजी, पदर सारखा करून बसलेली.

"आर्या कुठंय आजी?"

"न्हाई ती. सहलीला गेली."

"मग आज सुट्टी घेऊ."

"सुट्टी कशापायी? फी भरलीय न्हवं? मला शिकीव."

काय शिकायचंय, विचारलं. आजी स्क्रीनजवळ सरकली. मग म्हणाली, "गॅसवाला येतो, बँकेचा मानूस येतो, समदे कागूद दावत्यात. मी अंगठा देती. आकडा कंचा हाय तेवढं कळाया पायजे."

त्या दिवशी आम्ही एक ते नऊ केले. पुढे आर्याच्या तासानंतर थोडा वेळ आजीचा. आर्या दहावी पास झाली तेव्हा पेढे हातात धरलेला फोटो तिच्या आईनं पाठवला. आजीचा फोन वेगळा आला.

"मास्तरीणबाई, पोरीला किती पडलं ते मी सोता वाचलं. कुनाला इचारलं न्हाई."

*

आमचं दोघींचं बघून सुनंदाताईंनाही वाटलं, आपण काहीतरी करावं. त्यांनी मोबाईलवर कुठेतरी नंबर दिला. लगेच एका माणसाचा फोन आला. घरबसल्या काम, नुसतं बोट दाबायचं, रोजचे रोज पैसे. मी तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, की लगेच काम सुरू."

ताई भाजी चिरत होत्या. "म्हंजी काम मी करनार?"

"हो मॅडम."

"आन पैशे बी मीच देनार?"

"सुरुवातीला फक्त, मॅडम."

"मग असं कर पोरा," ताई म्हणाल्या, "पैशे मीच द्यायचे असतील तर कामाला तूच ये. भांडी पडल्यात."

त्यानं फोन ठेवला. ताई हसल्या नाहीत. चिरलेली भाजी कढईत टाकून म्हणाल्या, "वैशाली, तुला गनित येतंय, रेश्माला शिवाया येतंय. मला मान्सं तेवढी कळत्यात. त्याला कोन फी देनार?"

*

फी देणारे निघाले, आणि तेही त्यांच्याच गावाकडचे.

कुरुळीतल्या त्यांच्या एका नात्यातल्या मुलीला परदेशातलं स्थळ आलं. पत्रिका जुळली, फोटो चांगला, पण मुलगा राहतो कसा हे कोण बघणार? "सुनंदा तिकडंच हाय की," असं कुणीतरी म्हणालं. ताईंनी मुलाशी व्हिडिओवर गप्पा मारल्या आणि खरं ते कळवलं. मग चाकणहून फोन आला, मग निघोज्याहून. लोक आपणहून मानधन देऊ लागले. मी आणि रेश्मानं याचीही ऑफिसात रीतसर नोंद करून दिली.

ताईंची पद्धत ठरलेली. मुलाशी गोड बोलायचं, आईवडिलांची चौकशी करायची आणि मध्येच म्हणायचं, "बाळा, जरा फ्रीज उघडून दाव." त्यांचं म्हणणं, माणूस बैठकीची खोली आवरून ठेवतो, फ्रीज कुणी आवरत नाही. एकाच्या फ्रीजमध्ये नुसत्या बाटल्या आणि एक सुकलेलं लिंबू निघालं. ताईंनी मुलीकडच्यांना जसंच्या तसं सांगितलं, लिंबासकट.

एकदा निघोज्याचे पोपटराव म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचा फोन आला. त्यांची मुलगी पूजा कारखान्यात क्वालिटी विभागात होती. स्थळ निखिल नावाच्या मुलाचं, आईवडील चिंचवडला, तो जर्मनीतच पण आमच्यापासून लांबच्या शहरात. मुलगा सुट्टीला आला की साखरपुडा, इथवर बोलणं झालेलं. "निस्तं बघून घ्या," पोपटराव म्हणाले.

निखिल दिसायला नीटनेटका, बोलायला नम्र. फ्रीज उघड म्हटल्यावर जरा घुटमळला, पण त्यानं उघडला. फ्रीजही नीटनेटका. भाजी निवडलेली, डबे झाकलेले. दारातल्या कप्प्यात एक बाटली, आत गुलाबी काहीतरी.

"ते काय रं?"

"सोलकढी, मावशी."

"कुनी केली?"

"मीच."

"कशी केलीस?"

निखिल विचारात पडला. "सोलं… सोलायची. मग कढवायची."

तेवढ्यात त्याच्या मागून कुणीतरी फिसकन हसलं. निखिलचे ओठ मिटलेले होते.

मी ताईंच्या शेजारीच बसले होते. मला वाटलं, आता फोन बंद होणार. ताई एवढंच म्हणाल्या, "हसनारीला म्होरं बोलीव."

एक मुलगी समोर आली. अनघा तिचं नाव, चिपळूणची, त्याच शहरात नोकरी करणारी. तिनं नमस्कार केला आणि निखिलच्या शेजारी बसली. दोघंही परीक्षेला बसल्यासारखे. निखिल खाली बघून म्हणाला, "मावशी, घरी सांगायची हिंमत झाली नाही. बाबांची बायपास झालीय. आई म्हणते, तू ऐकलं नाहीस आणि ह्यांना काही झालं तर बघ."

ताईंनी मोबाईल जवळ ओढला. मग म्हणाल्या, "मी पोपटरावांना खोटं सांगनार न्हाई. त्यांच्या पोरीचा जलम हाय. पर तुझी गोष्ट मी का सांगू? रविवारपातूर तूच सांग. तुझ्या आईबाला सांग, आन त्या पूजाला बी सांग. तिला सांगाया इसरू नगंस."

रविवारपर्यंत ताईंना जेवण गोड लागलं नाही. रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसायच्या. "त्याच्या बापाला काय झालं तर?" म्हणायच्या, आणि लगेच, "पर त्या पूजानं तिथं येऊन काय करायचं व्हतं?"

निखिलनं सांगितलं. वडिलांना काही झालं नाही. आईनं मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं. चिंचवडहून निघोज्याला निरोप गेला की पुन्हा बघितली तर पत्रिका जुळत नाही. पोपटराव ताईंवर उखडले. "तुमाला स्थळ बघाया सांगितलं व्हतं, मोडाया न्हाई."

"तुमच्या पोरीचं काय मोडू नये, तेवढंच म्या बघितलं," ताई म्हणाल्या. मानधन त्यांनी घेतलंच नाही.

फोन पूजानं वडिलांच्या हातातून घेतला असावा. तिचा आवाज शांत होता. "मावशी, त्यांनी मला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. बरं झालं. ती मुलगी बरी आहे ना?"

"व्हय बाळा," ताई म्हणाल्या.

महिना-दोन महिने गेले. एका दुपारी आम्ही तिघी ताईंकडे होतो, कांदेपोहे चालले होते. ताईंचा फोन वाजला. अनघा होती.

तिनं तब्येत विचारली, हवा विचारली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही स्थळं बघून देण्याचे पैसे घेता ना?"

"घेती."

"मग निखिलच्या आईला पटवायचं काय घ्याल?"

ताईंनी शेगडी बंद केली, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसल्या.

"आधी मला सांग," त्या म्हणाल्या, "तिचं म्हायेर कुठलं?"