मेथी उगवली नाही त्या दिवशी

लॅबमधल्या ताईंनी माझं काम वाचवलं, हे आधी लिहिते. नाहीतर रागाच्या भरात त्यांचंच सांगायचं राहून जाईल.

माझं गाव उमरीकडं. नववीत शाळा सुटली, आता लातूरच्या एमआयडीसीत एका तेलाच्या कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेय. कारखान्याचं घाण पाणी टाक्यांत येतं. त्यातला गाळ प्रेसमध्ये दाबला की चपट्या वड्या निघतात. प्रेसच्या गाळणीच्या कापडाला चिकटलेल्या वड्या खरवडायच्या, शेणात अन् सोयाबीनच्या भुसकटात मिसळून ढीग लावायचा, हे आम्हा बायकांचं काम. दोनेक महिन्यांत त्याचं खत होतं, आणि चांगलं होतं. पोती भरून आसपासच्या शेतकऱ्यांना फुकट देतात.

नियम एकच. ज्या दिवशी यंत्रं ॲसिडनं धुतात, त्या दिवशीचा गाळ ढिगात घालायचा नाही. तो वेगळ्या खड्ड्यात टाकायचा, तिथून बाहेरची गाडी नेते.

खत बरं झालं का, ते ताई मेथीवर बघायच्या. दोन बशा. एकीत साधं पाणी, दुसरीत खत भिजवून गाळलेलं पाणी, दोन्हींत मोजून वीस दाणे. मला त्यांनी ते शिकवलं. "नववी म्हंजे कमी न्हाई गं. वीसपर्यंत तर येतंय ना?" म्हणून हसायच्या. बशांना पाणी घालायचं काम माझ्याकडं दिलं. फोनवर आईला मी आठ दिवस तेच सांगत होते.

यंदा खतवाटपाचा मोठा कार्यक्रम ठरला. पाहुणे, मंडप, फोटो. ढीग कमी पडतोय म्हणून सुपरवायझरनं धुण्याच्या दिवसाचा गाळही त्यात ओढायला लावला. आमच्यातल्या एकीनं नियमाची आठवण दिली तर म्हणाला, "लई शहाण्या झालात. ओढा!" आम्ही ओढला. मीही ओढला.

पोती भरायच्या वेळी ताईंनी बशा लावल्या. तिसऱ्या दिवशी साध्या पाण्यातले अठरा दाणे मोडावले होते. खताच्या पाण्यातले तीन, तेही टोकाला काळे. ट्रॅक्टर भरून उभा. ताई दोन्ही बशा घेऊन त्याच्यापुढं जाऊन थांबल्या.

"बियाणं जुनं असंल," सुपरवायझर म्हणाला.

"मग ह्या बशीत कसं उगवलं, साहेब?"

"त्याची भाजी करा मॅडम, अन् गाडी सोडा." ड्रायव्हर फिदीफिदी हसला.

मग सुपरवायझर माझ्याकडं वळला. "काय गं उमरीवाली, खताच्या बशीला पाणी घातलं व्हतंस का न्हाई? नीट आठवून सांग. ठेकेदार नव्या बाया शोधून राहिलाय."

घातलं होतं. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. आणि मी म्हणाले, "ध्यानात न्हाई, साहेब."

"बघा! पाणीच न्हाई घातलं हिनं. उद्यापासून येऊ नको तू."

ताईंनी माझ्याकडं एकदाच बघितलं. "तिला कशाला? टेस्ट माझी हाय. पाणी माझ्याकडून राहिलं. पण टेस्ट बिघडली म्हंजे माल पास न्हाई, साहेब. पुन्हा लावते. तीन दिवस ट्रॅक्टर हलायचा न्हाई. माझी सही न्हाई मिळायची."

दुसऱ्यांदा खताच्या बशीत एकच दाणा फुटला. सगळी पोती खड्ड्यात रिकामी झाली. ते विष कुणाच्या रानात गेलं नाही, एवढं झालं. कार्यक्रमही झाला, जुन्या ढिगाच्या चार पोत्यांवर. हार कुणाच्या गळ्यात? सुपरवायझरच्या! शेतकऱ्यांची किती काळजी, म्हणून पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली. टाळ्या वाजवायला आम्हाला पुढं बसवलं होतं. माझ्या हाताची आग आग झाली.

ताईंना मात्र 'कामात हलगर्जी' म्हणून लॅबमधून काढून गेटवर बसवलं. विज्ञान शिकलेली बाई आता ट्रकचे नंबर लिहिते. मी रोज त्यांच्यासमोरून आत जाते. त्या विचारतात, "जेवलीस का गं?" मला त्या माणसाचा संताप येतो. त्याहून जास्त माझ्या जिभेचा.

ताई, हलगर्जी तुमची नव्हती. पाणी मी घातलं होतं. हे मी मोठ्या मालकांपुढं, सुपरवायझर शेजारी उभा असताना, माझ्या तोंडानं सांगणार हाय. आज तेवढा धीर न्हाई. पण सांगणार. तुमची खुर्ची तुम्हाला मिळंपर्यंत सांगत राहणार.