बत्तिसावं चित्र

रविवार, १० डिसेंबर २०१७, सकाळी दहा. डहाणू रोड, शाळेचं सभागृह. हजर: समितीच्या आम्ही पाच जणी, चिकूवाडीवाले सात, बहुतेक सपत्नीक, डॉक्टर चार, हॉटेलवाले तीन, माझा नवरा, त्याचे रेल्वेतले सहकारी, चहापुरते, तलासरीच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाई आणि त्यांच्यासोबत आठ मुली, लिलाव पुकारायला वाढवणची एक मासळीवाली, आणि माझी वरच्या मजल्यावरची शेजारीण, नवी साडी नेसून.

ही हजेरी मी त्याच दिवशी लिहून ठेवली होती. साडीचा उल्लेखही तेव्हाचाच. बाकी कोणी काय नेसलं होतं ते मी लिहिलेलं नाही.

वसतिगृहातल्या मुलींना अभ्यासाला वेगळी खोली नव्हती. त्या खोलीसाठी हा लिलाव होता. वारली चित्रांची प्रदर्शनं आमच्याकडे होतच असतात, म्हणून या वेळी समितीने नवी, समकालीन चित्रं मांडायचं ठरवलं. आसपासच्या चित्रकारांनी बत्तीस चित्रं दान दिली. त्यात एक माझं होतं आणि एक शेजारणीचं.

मी बारा वर्षं चित्रं काढत होते. ऑफिसातून आले की कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत रंगवायचं. माझी चित्रं बहिणीकडे, नणंदेकडे आणि दोन भाच्यांकडे लागलेली होती. अनोळखी माणसाने एकही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं, की नात्यातल्या नसलेल्या कोणीतरी हात वर करावा. खाडीचं ते निळं चित्र मी आठ महिने करत होते.

शेजारीण गणिताची शिक्षिका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात कंटाळली होती, म्हणून माझे जुने ब्रश मीच तिला नेऊन दिले. त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. तिने बंद पडलेल्या फुग्यांच्या कारखान्याची भिंत काढली होती. सगळं चित्र राखाडी आणि खाली डाव्या कोपऱ्यात फुग्याच्या रबराचा गुलाबी रंग, बोटभर. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, कोपऱ्यातलं पुसायचं राहिलं का? ती म्हणाली, नाही, त्याच्यासाठीच बाकीचं काढलंय. मी घरी आले आणि माझ्या खाडीकडे बराच वेळ पाहत बसले.

मांडणी आणि क्रम माझ्याकडे होते. शाळेने भिंतीला खिळे मारू दिले नाहीत, म्हणून चिकूचे क्रेट उलटे रचून त्यांवर पांढरे कपडे टाकले आणि चित्रं टेकवली. माझं नववं, खिडकीखाली, चांगल्या उजेडात. लिलाव साडेदहाला सुरू होणार होता, म्हणजे सव्वाअकराला पाळी आली असती, तेव्हा सभागृह भरलेलं असणार. तिचं बत्तिसावं, पाण्याचं पिंप होतं त्या बाजूच्या दाराशी. एका चित्राला सहा मिनिटं धरली तर तिची पाळी दीडच्या पुढे. तोवर माणसं जेवायला गेलेली असणार. हे मी कागदावर हिशेब करून ठरवलं होतं. चुकून झालं असं म्हणता येणार नाही.

पुकारायला मासळीवालीला बोलवायचं हेही मीच सुचवलं. वीज गेली तरी तिला माईक लागत नाही आणि खरेदीला येणारे निम्मे लोक तिला रोज भेटणारे. ती ठरलेल्या वेळेला आली, कमरेला पदर खोचला आणि पहिली आठ चित्रं भराभर विकली. बोली फार चढत नव्हती, पण प्रत्येकाला एक-दोन हात वर होत होते.

नवव्याला एकही झाला नाही.

तिने एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. लोक चहात बिस्किटं बुडवत होते. तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "मी घेतो." माझा नवरा. त्याच्या सहकाऱ्यांपैकी एकाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय साहेब, वहिनींचंच चित्र? पोचवायचं रिक्षाभाडं वाचवलंत ना?" सभागृह हसलं. शेजारीणही हसली असेल, मी तिच्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याचा हेतू चांगला होता आणि तेच मला सहन होत नव्हतं.

साडेबारा झाले, एक झाला. माणसं हलेनात. एका हॉटेलवाल्याने मला गुजरातीत विचारलं, शेवटचं कुठलं? मी बाजूचं दार दाखवलं. तो तिथे जाऊन बराच वेळ उभा राहिला. मग एक डॉक्टर गेले, मग एका वाडीवाल्याची बायको. मधल्या चहाला मी मासळीवालीला म्हटलं, आज कोणाला भूक नाही वाटतं.

"बाय, मासळीची चांगली पाटी मी मागंच ठेवते," ती बशीत चहा ओतत म्हणाली. "माझ्या गिऱ्हाइकाला म्हाईत हाय. सुरुवातीचं बघून कोण घरी जात नाय."

अजून अकरा चित्रं बाकी होती. क्रम बदलायला पेनाची एक रेघ पुरली असती. पण बदलायचं कारण काय सांगणार होते?

बत्तिसाव्याला तीन हात वर झाले आणि तिन्ही खाली येईनात. हॉटेलवाल्याने घेतलं. अधीक्षक बाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्या एका चित्राने खोलीच्या छपराचा खर्च निघाला. मासळीवाली जाताना म्हणाली, "शेवटची पाटी तूच निवडलीस ना? नजर हाय तुला."

खुर्च्या मोजत होते तेव्हा शेजारीण आली. तिचे डोळे ओले होते.

"तू मला शेवटी ठेवलंस," ती म्हणाली. "खरं सांगू? काल यादी पाहिली आणि रात्रभर रडले. वाटलं, हिने मला दाराशी टाकलं. तुझ्याबद्दल असं मनात आणलं मी. माफ कर गं."

"काहीतरीच तुझं," मी म्हणाले आणि पुढची रांग मोजायला घेतली. दोनदा मोजली, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

नंतर मी त्या हॉटेलात तीन-चारदा चहाला गेले आहे. गल्ल्याच्या वर ते चित्र लावलंय. चित्र चांगलं आहे. ते चांगलं आहे हे मला यादी करायच्या आधीपासून माहीत होतं, नाहीतर मी ते दाराशी कशाला ठेवलं असतं? माझी खाडी आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. पाहुणे आले की नवरा सांगतो, मी बोली लावून घेतलंय.

आता २०१९ संपत आलंय. तिची चित्रं बाहेरगावी जाऊ लागली आहेत आणि दरवेळी कुठलं कुठे लावायचं हे ती मला विचारते. म्हणते, तुझ्या हाताला यश आहे. मागच्या गुरुवारी तिने बोलावलं, तेव्हा आज सांगायचंच असं ठरवून मी जिना चढले. तिने दार उघडलं, टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून ती खोलीच्या पलीकडे गेली. आम्ही सहा फ्रेम मोजल्या. मापं मी लिहून घेतली, क्रम लावून दिला, चहा घेतला आणि खाली आले. सांगायचं राहिलंय.